अंतर भागिले वेग?

आमच्या विंगमध्ये सध्या एमएसचा सीझन आहे. कुणाचा ॲडमिट आला रे आला की पठ्ठ्या आधी नेटवर दोन विमानतळांची नावं टाकून अंतर बघतो. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को, साधारण १२,४०० किलोमीटर. भागिले ताशी ९००, म्हणजे पावणेचौदा तास. झालं, लगेच घरी फोन!

मित्रांनो, माझं स्पष्ट मत आहे की हे उत्तर कुणाच्याच कामाचं नाही. तो आकडा पृथ्वीच्या गोळ्यावर ताणलेल्या दोऱ्याचा आहे. मेसमधलं एखादं संत्रं घेऊन करून बघा, दोरा जवळजवळ उत्तर ध्रुवावरून जातो. विमान मात्र दोऱ्यावरून जाईलच असं नाही.

एअर इंडियाने ही थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किमी आणि वेळ लागला साडेचौदा तास. म्हणजे १,४०० किमी जास्त जाऊनसुद्धा जवळपास दोन तास आधी! भागून बघा, जमिनीवरून मोजलेला वेग ताशी १,०५० च्या पुढे जातो. विमान तेच, इंजिनं तीच. फरक वाऱ्याचा. या पट्ट्यात वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. आधी ते तोंडावर यायचे, आता पाठीवर आले.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, "अरे, पृथ्वी फिरते ना, म्हणून!" नाही हो. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. नाहीतर आपल्या हॉस्टेलवर तासभर अधांतरी थांबलेलं हेलिकॉप्टर खाली उतरताना ओमानजवळ समुद्रात पडलं असतं! पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, पण तो वाऱ्याला दिशा देण्यापुरता.

बरं, वारा तरी ऋतूप्रमाणे बदलतो. माणसांचं काय? २०२२ मध्ये रशियाने युरोपीय विमानांना आकाश बंद केलं आणि हेलसिंकी-टोकियो हा साधारण साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. दोन्ही शहरं होती तिथेच आहेत! आपल्याकडेही २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हद्द बंद झाली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या आपल्या विमानांना वळसा पडला. जादा तास, जादा इंधन. हे कुठल्या सूत्रात बसवणार?

तेव्हा सरांना एक नम्र विनंती. 'एक विमान ताशी ९०० किमी वेगाने जाते' असं गणित घालाल तेव्हा वाराही द्या, मार्क कापले तरी चालतील. आणि ऑगस्टमध्ये निघणाऱ्यांनो, आईला किलोमीटर सांगत बसू नका. तिकिटावरचे जायचे आणि यायचे तास वेगवेगळे वाचून दाखवा. दशम्या किती बांधायच्या ते ती बघेल.