आठ महिन्यांचा किनारा

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर सकाळी उभे राहिले म्हणजे एकाच पुळणीवर दोन व्यवसाय शेजारी शेजारी चाललेले दिसतात. एकीकडे रापणीचे दोर ओढणारी माणसे, कंबरभर पाण्यातून मागे सरकत येणारी. दुसरीकडे नारिंगी जाकिटे चढवून स्नॉर्केलिंगच्या होडीची वाट पाहणारे पुण्या-मुंबईचे, कोल्हापूर-बेळगावचे पाहुणे. समोर सिंधुदुर्ग किल्ला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याचे बांधकाम सुरू केले, त्याला आता साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली. पाहुण्यांपैकी काही जण दोरापाशी जातात, हात लावतात, छायाचित्र काढून घेतात. रापणकर हसून जागा देतात. जुन्या रिवाजाप्रमाणे दोराला हात लावणाऱ्याच्या पदरात चार मासळ्या पडतात. पाहुण्याला तो रिवाज ठाऊक नसतो, आणि हॉटेलात त्याची सुरमई आधीच सांगून ठेवलेली असते.

हे दृश्य मोठे लोभस आहे. ते तसेच राहील असे मात्र मला वाटत नाही. आणि ते न राहण्यात आपल्या बँकिंग व्यवसायाचाही थोडा वाटा असेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि कुडाळ स्थानकावर उतरून तासाभरात मालवण गाठता येऊ लागले. २०२१ मध्ये चिपी येथील विमानतळ सुरू झाला. या पंचवीस-तीस वर्षांत मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात जे घडले त्यातले पुष्कळसे स्वागतार्ह आहे. मुंबईच्या गिरणीत नाही तर गोदीत जाण्यावाचून ज्या घरांतील मुलांना मार्ग नव्हता, त्यांतील काही मुले गावी राहिली, काही परतली. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचे रीतसर प्रशिक्षण देणारी शासकीय संस्था उभी राहिली. ज्या गृहिणींच्या हातचे तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले घरापलीकडे कोणी चाखले नव्हते, त्यांच्या हाती स्वतःची कमाई आली. पर्यटनाने कोकण बुडाले असे म्हणणाऱ्यांत मी नाही. तसे म्हणणारे बहुधा स्वतः सुटीत तिथेच गेलेले असतात.

प्रश्न वेगळा आहे आणि तो पंचांगाचा आहे. मच्छीमाराच्या घरी पर्यटन हा ‘पूरक व्यवसाय’ असे आपल्या अहवालांत सर्रास लिहिले जाते. शेतकऱ्याची कोंबड्या-गाय ही पूरक, कारण शेताचे काम नसते तेव्हाही ती चालू राहते. समुद्रावर काय घडते ते पाहा. राज्याच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा आणि किल्ल्याची होडी वाहतूकही बंद. म्हणजे पावसाळ्यात जाळेही कोरडे आणि खोल्याही रिकाम्या. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला, दर्या शांतावला, की ऑक्टोबर ते मे हेच मासळीचे दिवस आणि हेच पाहुण्यांचे दिवस. तीच होडी, तीच माणसे, तीच पुळण, तेच आठ महिने. एक धंदा दुसऱ्याच्या रिकाम्या वेळात बसत नाही. तो त्याच्या भरल्या वेळेवर हक्क सांगतो. तेव्हा हा पूरक व्यवसाय नव्हे, पर्यायी व्यवसाय होय. पर्यायी म्हटले की निवड आली, आणि निवड आली की कर्ज कोणत्या बाजूला सहज मिळते याला महत्त्व आले.

एका प्रस्तावाच्या निमित्ताने हे माझ्या ध्यानात आले. देवबाग परिसरातील एका मच्छीमार कुटुंबाने चार खोल्या बांधण्यासाठी कर्ज मागितले होते. प्रकल्प अहवाल शहरातील कोणा व्यावसायिकाकडून करून आणलेला, सुबक बांधणीचा. त्यात बाराही महिने खोल्या सारख्याच भरलेल्या दाखविल्या होत्या, आणि स्वभांडवलाच्या रकान्यात ‘नौकेची विक्री’ अशी नोंद होती. मी त्या गृहस्थांना विचारले, जुलैत इतके पाहुणे येतात? ते ओशाळून म्हणाले, “साहेबानू, पावसात हयसर कोण येतलो? पन कागदार तसा लिवचा लागता म्हणान सांगल्यानी.” कागदावर तसे लिहावे लागते, हे त्यांना कोणी सांगितले ते मी विचारले नाही. आमच्याच छापील तक्त्यात बारा रकाने होते आणि बाराही भरल्याशिवाय बेरीज जुळत नव्हती.

होडी विकून खोल्या बांधणे हा व्यवहार हिशेबाच्या दृष्टीने चुकीचा नाही. समुद्रातली अनिश्चितता पाहता तो शहाणपणाचाही वाटतो. मासळी घटली आहे, हे कुठलाही पारंपरिक मच्छीमार सांगेल, आणि त्याची कारणे पर्यटनात नाहीत. पर्ससीन जाळी, परराज्यांतील मोठे ट्रॉलर, रात्री प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करून केलेली मासेमारी यांनी रापणकराच्या दाराशी येणारी मासळी वाटेतच उचलली. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली, २०२१ मध्ये राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी कायदा सुधारून दंड वाढविला गेला. अंमलबजावणीबद्दलची तक्रार तरीही किनाऱ्यावर दर हंगामात ऐकू येते. अशा वेळी कोणी होडी विकून खोल्या बांधल्या तर त्याला दोष कसा द्यावा? “मच्छीमाराने पाहुण्यांच्या छायाचित्रासाठी गरीब राहायचे काय?” असे मला एका सहकाऱ्याने रोखठोक विचारले होते. प्रश्न रास्त आहे.

माझे उत्तर असे की होडी गेली म्हणजे केवळ एका घराचे साधन जात नाही. समुद्रावरचा त्याचा साक्षीदार जातो. किनाऱ्याजवळ बेकायदा ट्रॉलर शिरला हे प्रथम पाहतो तो पहाटे होडी घातलेला मच्छीमार. मोर्चा काढतो, अधिकाऱ्यांना जाब विचारतो तोही तोच. गोव्यात १९७० च्या दशकात ट्रॉलरविरुद्ध रापणकार उभे राहिले, तेव्हा त्यांच्या मागे गावोगावची माणसे होती, कारण गावोगाव रापणी होत्या. आज उत्तर गोव्याच्या कळंगुट-कांदोळी भागात मासेमारीच्या होड्या डॉल्फिन दाखवायला जातात. ते उत्पन्न बरे असेलही. पण समुद्रात काय चालले आहे याची ज्याला पोटतिडीक होती तो माणूस आता किनाऱ्याकडे पाठ करून ग्राहक शोधतो आहे. मग समुद्र कोणी राखायचा?

दुसरी बाब जमिनीची. देवबाग ही कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी आहे. काही ठिकाणी एका बाजूला उभे राहून दुसऱ्या बाजूच्या लाटांचा आवाज ऐकू यावा इतकी चिंचोळी. अशा जागी गोडे पाणी वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. पावसाने ते भरते, विहिरीतून बेताने उपसले तर वर्षभर पुरते, पंपाने जोराने ओढले तर खालचे खारे पाणी वर चढते आणि एकदा चढलेले लवकर उतरत नाही. एका कुटुंबाच्या विहिरीवर चार खोल्यांचे शॉवर चालविणे म्हणजे काय, हे कोणत्याही प्रकल्प अहवालात मी वाचलेले नाही. मैला साठविण्याच्या टाकीचेही तेच. वाळूत शोषखड्डा खणला की सांडपाणी दिसेनासे होते; जाते कुठे, तर शेजारच्या विहिरीकडे. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने स्थानिक रहिवाशांना, मच्छीमारांना घरगुती निवासव्यवस्थेची मुभा दिली ते योग्यच झाले. पण राहत्या घरातली जादा खोली पाहुण्याला देणे आणि घराच्या नावाखाली लॉज उभारणे यांतील फरक पाण्याच्या हिशेबात प्रथम उघड होतो.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्याभोवतीचा भाग त्याच्या गाभ्यात येतो, आणि नेमकी तिथेच प्रवाळे आहेत. अभयारण्य म्हटले की मासेमारी बंद होणार, या धास्तीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला. आज त्याच खडपांवर हंगामात होड्यांची रांग लागते. प्रवाळावर पडणारा नांगर, ओहोटीला त्याच्यावर उभे राहणारे पाय, मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात चुरलेले पाव-बिस्किट यांची मोजदाद कोण करतो? नांगराऐवजी कायमच्या तरंगत्या बोयांना होड्या बांधणे, एका वेळी ठरावीकच होड्या नेणे, हे फार खर्चाचे उपाय नाहीत. होडीवाल्यांनी एकत्र बसून ठरवायचे, एवढेच. ते अवघड आहे हे मला मान्य आहे, कारण जो थांबेल त्याचा हप्ता थांबत नाही.

सुरक्षिततेचेही हप्त्याशी नाते आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची नौका उलटली आणि दोन जणांचा बळी गेला. त्या दुर्घटनेची कारणमीमांसा करण्याचा अधिकार माझा नाही. मात्र मेअखेरचा समुद्र कसा असतो हे किनाऱ्यावरचे प्रत्येक मूल जाणते, आणि हंगामाचे शेवटचे चार दिवस समोर असताना, पुढे कोरडे महिने दिसत असताना ‘आज नको’ म्हणणे किती जड जाते, हेही ओळखायला हवे.

याच कोकणात वेगळ्या वाटाही पडल्या आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले. पुढे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातील घरांत उतरतात, पानात वाढलेले जेवतात, पहाटे उठून पिल्ले समुद्राकडे जाताना पाहतात. पिल्ले बाहेर आली नाहीत तर दिसत नाहीत. तक्रारीला जागा नाही. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी या महिला बचत गटाने कांदळवन सफर सुरू केली. होड्या लहान आहेत आणि वल्ही त्या महिलाच मारतात. दोन्हीकडे पैसा घरात येतो, पण कुणाला जुने साधन विकावे लागलेले नाही. दोन्हीकडे किती पाहुणे घ्यायचे ते घरांच्या आणि होड्यांच्या संख्येने आपोआप ठरते. मालवण हे वेळास नव्हे, हे खरे. बाजारपेठेच्या, किल्ल्याच्या, लोंढ्याच्या गावाला तो नमुना जसाच्या तसा लागू होणार नाही. पण होडी राहावी आणि खोलीही व्हावी, एवढे तरी त्यातून घेता येते.

पाहुण्याच्या पानाविषयी एक गोष्ट सांगायचीच राहिली. आपल्या वाचकांपैकी पुष्कळजण सुटीत कोकणात जातात. सुरमई, पापलेट, कोळंबी या तीन नावांपलीकडे मागणी जात नाही, आणि मग ती नावे पुरवण्यासाठी लहान सुरमई कापली जाते, नाही तर बर्फातली परगावची आणली जाते. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला. त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचे किमान आकारमान राज्याने ठरवून दिले. तेव्हा पानातील मासा बोटाएवढा असेल तर विचारायला हरकत नाही. रापणीत येतात ते बांगडे, तारली, पेडवे. तारलीची चव ज्याने घेतली नाही त्याने मालवण पाहिले, खाल्ले नाही.

आणि आपण, म्हणजे तक्ते छापणारे. शेतीला पीक हाती आल्यावर परतफेड, ही सवलत आपण पिढ्यान्‌पिढ्या मान्य केली आहे. किसान क्रेडिट कार्ड गेल्या काही वर्षांत मच्छीमारांपर्यंत पोहोचले. मग किनाऱ्यावरच्या निवासव्यवस्थेचे हप्ते ऑक्टोबर ते मे असे का बांधू नयेत? विहीर कोणती, तिच्यावर आधीच किती जणांचा भार आहे, सांडपाण्याची सोय काय, हे प्रश्न तारणाच्या प्रश्नाइतकेच आधी विचारायला काय हरकत आहे? चार खोल्यांना मागितलेले कर्ज दोन खोल्यांना देणे यात शाखेचे उद्दिष्ट थोडे मागे पडेल. पडू द्यावे. खाऱ्या विहिरीवरची थकीत खाती वसूल करायला जाण्यापेक्षा ते बरे.

देवबागच्या त्या प्रस्तावाचे पुढे असेच झाले. बरीच पत्रापत्री होऊन राहत्या घराला जोडून दोन खोल्या मंजूर झाल्या, परतफेड आठ मासिक हप्त्यांत, पावसाळ्याचे चार महिने केवळ व्याज. नौकेची विक्री स्वभांडवलातून वगळली. मागच्या खेपेस गेलो तेव्हा पाऊस होता. दोन्ही खोल्यांना कुलूप होते. होडी मागच्या माडाखाली झावळ्यांनी शाकारून ठेवलेली होती आणि गृहस्थ ओटीवर बसून जाळे विणत होते.