थापी कुणाच्या हातात?

गेल्या हिवाळ्यात शहरातल्या एका आर्किटेक्चर महाविद्यालयाने तीन दिवसांची बांधकाम कार्यशाळा भरवली. शेवटच्या दिवशी करिअर मार्गदर्शन होते आणि त्यातला एक तास 'महिलांचे प्रश्न' म्हणून आमच्या गटाला दिलेला होता. मी जरा आधीच पोचले. पटांगणात विटांची कमान रचणे चालले होते. वर्गात मुलीच जास्त, पण परांचीवर चढलेले तिघेही मुलगे. मुलींपैकी एक फोटो काढत होती, एक प्रमाणपत्रांवर नावे घालत होती, दोघी चहाचे बघत होत्या. त्यांना कुणी मनाई केलेली नव्हती. "त्यांनाच नको असतं हो मॅडम," सर हसून म्हणाले.

माती कालवायला गवंड्याबरोबर दोन बाया आल्या होत्या. समारोपाला गवंड्याला शाल-श्रीफळ मिळाले. त्या दोघी दिवसाची मजुरी घेऊन मागच्या मागे गेल्या.

माझ्या तासाला चौथ्या वर्षाच्या एका मुलीने विचारले, "साईटवर लघवीला कुठं जायचं?" वर्ग हसला. ती हसली नाही. साईटवर जायचे असले की ती सकाळपासून पाणी पीत नाही. त्याआधीचे दोन तास पाहुण्यांनी पोर्टफोलिओ, मुलाखत, परदेशी शिक्षण यांवर छान माहिती दिली होती. या प्रश्नाला त्यात जागा नव्हती.

त्याच साईटवर घमेली वाहणारी बाई हेच रोज सोसते, तेही अंगावरचे मूल वाळूच्या ढिगाऱ्याशेजारी झोपवून. पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, स्वच्छतागृह तर सर्वत्रच हवे, असे १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने सांगितले होते. गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत उठणाऱ्या इमारतींपैकी किती ठिकाणी हे दिसते, ते वाचक मैत्रिणींनी स्वतःच चालता चालता पाहावे. नकाशा काढणारी मुलगी आणि घमेले उचलणारी बाई यांच्यात वर्गाचे, जातीचे अंतर मोठे आहे, हे मी विसरत नाही. तरी आडोसा दोघींना एकच शोधावा लागतो.

समान कामाला समान वेतन, हे तत्त्व १९७६ साली कायद्यात आले. पण काम समान होऊच दिले नाही तर? वीस वर्षे गवंड्याच्या हाताखाली राहूनही बाई बिगारीच राहते, कारण थापी आणि ओळंबा तिच्या हाती येत नाही. मजुरीतला फरक तिथूनच सुरू होतो. पदवीधर मुलीचेही फारसे वेगळे नाही. तिला साईट 'झेपणार नाही' म्हणून कार्यालयात ड्रॉइंगला बसवतात आणि पुढे अनुभव नाही म्हणून साईट देत नाहीत.

बायांना जमत नाही, हे म्हणणे आपल्याच महाराष्ट्रात खोटे ठरले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत 'स्वयं शिक्षण प्रयोग'च्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बाया संवाद सहायक झाल्या. घर भूकंपाला टिकेल असे मजबूत कसे करायचे, हे त्या शिकल्या आणि घरोघर समजावत फिरल्या. दीदी काँट्रॅक्टर तर लग्नानंतर काही वर्षे आपल्या नाशिकलाच राहिलेल्या. त्यांच्याकडे आर्किटेक्चरची पदवी नव्हती. पुढे हिमाचलातल्या कांगड्यात, साठी आल्यावर, त्यांनी मातीची घरे बांधायला घेतली आणि २०१९ मध्ये त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला. २०२१ साली त्या गेल्या.

पाच वर्षांच्या शिक्षणक्रमात एक सत्र प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे असते. मुली तेव्हा बहुधा लहान कार्यालयांत जातात. दहाहून कमी माणसे असतील तर तिथे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती बंधनकारक नाही. अशा वेळी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत करता येते आणि २०१३ चा कायदा शिकाऊ मुलीलाही लागू आहे. हे मी सांगितले तेव्हा वर्गात एकीलाही माहीत नव्हते. खरे तर प्राध्यापकांनाही नव्हते!

पुढच्या कार्यशाळेसाठी आम्ही महाविद्यालयाला पत्र दिले आहे. परांचीवर पाळीपाळीने सगळ्यांनी चढायचे, चहा आणि प्रमाणपत्रे मुलांनीही सांभाळायची. मुली घेणाऱ्या कार्यालयांना स्वच्छतागृह, साईटवर जाण्यायेण्याची सोय आणि विद्यावेतन हे लेखी विचारायचे. आणि माती कालवणाऱ्या बायांना मजुरी देऊन विटा रचायला शिकवायचे, त्यांचीही नावे प्रमाणपत्रावर घालायची. पहिल्या दोन गोष्टींना सरांनी होकार दिला आहे. तिसऱ्यावर 'बघू' म्हणाले. शेवटचीवर अजून काहीच बोललेले नाहीत. त्या दोघींपैकी एकीने मात्र कार्यशाळेची तारीख माझ्याकडे दोनदा विचारली आहे.