बुरशी पोसतो आपण, आळ मात्र जनावरांवर!

कोरोनानंतर आपल्याला एक खोड लागली आहे. नव्या आजाराचे नाव ऐकले की पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, हा कोणत्या प्राण्यापासून आला?" कॅन्डिडा ऑरिस या औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीबद्दलही मला हेच विचारले जाते. वटवाघूळ, कबूतर, भटका कुत्रा, कुणीतरी आरोपी हवाच असतो!

आधी ओळख करून घेऊ. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. कॅन्डिडा हे त्यातलेच एक कुटुंब. त्यातल्या काही जाती आपल्या तोंडात, आतड्यात एरवी गुपचूप राहतात. प्रतिकारशक्ती ढासळली की त्याच त्रास देतात. ऑरिसचा धोका मुख्यतः आयसीयूतल्या, नळ्या लावलेल्या गंभीर रुग्णांना असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये घातक बुरशींची यादी केली, तेव्हा ऑरिसला सर्वात वरच्या गटात ठेवले.

आता आरोप तपासू. पाकिस्तान, भारत, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला इथल्या रुग्णांमधल्या ऑरिसची जनुके शास्त्रज्ञांनी ताडून पाहिली. एकाच प्राण्यातून निघून ही बुरशी अलीकडे जगभर पसरली असती, तर सगळीकडे एकच भावकी सापडली असती. प्रत्यक्षात सापडल्या चार वेगळ्या भावक्या. त्यांच्यात हजारो जनुकीय फरक, आणि तरीही त्या जवळपास एकाच काळात डोके वर काढणाऱ्या! मग एका वटवाघळाला पकडून काय साधणार?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात वन्यप्राणी आणि त्याच भागातली माणसे यांच्यातल्या कॅन्डिडा अल्बिकन्सची तुलना 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. काही वंशशाखा प्राण्यांत जास्त, काही माणसांत जास्त आढळल्या, पण सरमिसळही होती. म्हणजे ही देवाणघेवाण आहे, एकतर्फी हल्ला नव्हे. ब्राझीलमध्ये तर प्राण्यांच्या अंगावर फ्लुकोनाझोलला न जुमानणारी कॅन्डिडा मिळाली आहे. रानातला प्राणी काही मेडिकलमधून गोळ्या आणत नाही!

आपल्याच देशातले बघा. दिल्लीच्या डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांना ऑरिस अंदमानच्या किनाऱ्यावर सापडली. पुढे उत्तर भारतातल्या सफरचंदांवरही सापडली. पण कोणत्या? साठवलेल्या फळांवर. बागेतून ताज्या तोडलेल्यांवर नाही. फळांवर मारली जाणारी अनेक बुरशीनाशके आणि आपली फ्लुकोनाझोलची गोळी एकाच अ‍ॅझोल घराण्यातली आहेत. फवारणीत जी बुरशी तगते, तिला आपली गोळीही कमी लागू पडण्याची भीती आहे.

प्राण्यांपासून बुरशी येतच नाही, असे मी म्हणत नाही. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेतून क्रिप्टोकोकस श्वासात जाऊ शकतो. ब्राझीलमध्ये मांजरांच्या ओरखड्यातून स्पोरोथ्रिक्स माणसांना होतो. तिथे काळजी घ्यायलाच हवी. पण औषधांना न जुमानणारी बुरशी वाढवण्यात आपला हात मोठा आहे, आणि जनावरांकडे बोट दाखवले की तो झाकला जातो.

अंगावरून पांढरे जाते, जांघेत खाज येते, की मेडिकलमधून "ती दीडशेची गोळी" आणायची. बरे वाटले नाही की आणखी एक. शेजारणीलाही तीच! प्रत्येक पांढरे जाणे बुरशीचे नसते. फ्लुकोनाझोल चिठ्ठीशिवाय विकायचे औषध नाही, तरी ते सर्रास विकले जाते. हे थांबले पाहिजे.

तुम्ही एवढे करा. ही गोळी तपासणीशिवाय घेऊ नका, सांगितलेले दिवस पूर्ण करा. त्रास वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासा, मधुमेह दडलेला असू शकतो. आयसीयूत नातेवाइकाला भेटताना आत जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर हात स्वच्छ करा. कर्मचारी करत नसतील तर विचारा, तो तुमचा हक्क आहे.

आणि सरकारने माणसांची औषधे आणि शेतातली बुरशीनाशके यांचा हिशेब एकाच वहीत मांडावा. बुरशीला माणूस, जनावर आणि शेत हा भेद कळत नाही. तो भेद आपणच आपल्या सोयीसाठी केला आहे.