मृदंग टांगायचा कुठे?

गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये घेतला आणि त्याच वर्षी राज्यातील १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपयांचे भांडवली अनुदान जाहीर केले. एकूण साडेचार कोटींची ही रक्कम शासनाच्या एकंदर खर्चात नजरेत भरण्याजोगी नाही. तरीही या निर्णयाचे स्वागत करायला हवे. ज्या मंडळांनी पिढ्यानपिढ्या आपापसांत वर्गणी काढून पेटी घेतली, टाळ घेतले, मृदंगाची पुडी फुटली की पुन्हा वर्गणी काढली, त्यांची दखल शासनदरबारी प्रथमच अशा स्वरूपात घेतली गेली, हे थोडके नव्हे. परंतु अनुदानाने या प्रश्नाचे एकच टोक हाती लागते. वाद्य विकत घेता येते. ते शिकवणारा बुवा, ते शिकायला येणारा मुलगा आणि त्या दोघांनी रोज संध्याकाळी जिथे बसायचे ती जागा मात्र विकत मिळत नाही. आज मंडळांना चणचण भासते आहे ती पैशाइतकीच या तीन गोष्टींची.

कोकणातील गौरी-गणपतीच्या दिवसांकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. आषाढात भाताची लावणी उरकते आणि आश्विनात कापणीची घाई सुरू होते. मधल्या काळात शेतकऱ्याच्या हाताला थोडी उसंत मिळते. या उसंतीतच श्रावणातल्या तालमी आणि भाद्रपदातला उत्सव बसलेला आहे. मुंबईतला चाकरमानी वर्षभराची रजा साठवून ठेवतो ती याच दिवसांसाठी. दिवाळीला तो एक वेळ येणार नाही, पण चतुर्थीला त्याच्या घराचे दार उघडल्यावाचून राहत नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यापासून प्रवासाचे हाल काहीसे कमी झाले. तिकिटांसाठीची झुंबड मात्र तशीच राहिली. एवढा आटापिटा करून माणसे गावी जातात ती केवळ मूर्तीपुढे हात जोडण्यासाठी नव्हे. पाच-सात रात्री आपल्या माणसांत बसून आपल्या आवाजात गाता यावे, हाही त्या प्रवासाचा एक हेतू असतो.

सिंधुदुर्गात या रात्री भजनी मंडळाच्या मालकीच्या असतात. मंडळ वाडीतल्या पहिल्या घरापासून निघते. आरती होते, भजन होते, यजमान काळ्या वाटाण्यांची उसळ आणि चहा पुढे ठेवतो, आणि मंडळ पुढच्या घरी जाते. घर कौलारू असो की स्लॅबचे, गणपती दीड दिवसाचा असो की अकरा दिवसांचा, मंडळ कोणाला वगळत नाही. वर्षभर बांधावरून अबोला धरलेल्या दोन भाऊबंदांच्या घरी तेच मंडळ एकाच रात्री जाते, आणि टाळ धरायला दोघेही त्यात असतात. गावातला वाद भजनाने मिटतो असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण वाद असतानाही एकत्र बसण्याची एक रीत त्यामुळे टिकून राहते, आणि गावाच्या जीवनात अशा रीतींचे मोल फार असते. घरोघरच्या या साध्या भजनाखेरीज डबलबारीचा फड रंगतो तो निराळा. तिथे दोन बुवा समोरासमोर बसतात आणि नमन, रूपावली, अभंग, गौळण, गजर असे टप्पे घेत एकमेकांची विद्या आणि हजरजबाबीपणा जोखतात. घरातल्या स्त्रिया गौरीपुढे फुगड्या घालतात, झिम्मा खेळतात. त्यांच्या गाण्यांना बुवाही नसतो आणि व्यासपीठही नसते.

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांत याच दिवसांत जाखडी उभी राहते. मध्यभागी गाणारा शाहीर, ढोलकी आणि झांज. भोवती पायात चाळ बांधलेल्या नाचणाऱ्यांचे रिंगण. कलगीवाले शक्तीचा पक्ष घेतात, तुरेवाले शिवाचा. आणि प्रश्नोत्तरांचा सामना कधीकधी पहाट फुटेपर्यंत चालतो. श्रेष्ठ कोण, प्रकृती की पुरुष, हा वाद ज्यावर पंडितांनी ग्रंथ लिहिले, तो येथे भातशेती करणारा आणि गिरणीत राबणारा माणूस ढोलकीच्या ठेक्यावर घालत आला. या नृत्याला शहराने ‘बाल्या नाच’ म्हटले. मुंबईत घरगड्याचे काम करणाऱ्या कोकणी कुणब्याला जे हलके नाव मिळाले होते तेच त्याच्या कलेलाही चिकटले. ते नाव त्याने निमूटपणे घेतले आणि कला सोडली नाही. मराठी सांस्कृतिक जीवनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या चिकाटीची जेवढी नोंद घ्यायला हवी होती तेवढी घेतलेली नाही.

ही चिकाटी गावात जितकी पोसली गेली तितकीच मुंबईत, हे विसरता येणार नाही. लालबाग, परळ, काळाचौकी, वरळी, नायगाव या भागांतील चाळींत गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या खोल्या असत. एकाच खोलीत एका गावचे वीस-वीस, तीस-तीस पुरुष पाळीपाळीने झोपत. पहिल्या पाळीचा माणूस उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच चटईवर अंग टाकी. भिंतीला ट्रंका लावलेल्या असत आणि वर खुंटीला मृदंग टांगलेला असे. खोलीत भाडे भरायचे त्याबरोबरच मंडळाची वर्गणीही भरायची. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, वाडीचा रस्ता यांसाठी या मंडळांनी मुंबईत नमन-खेळ्यांचे आणि शक्ती-तुऱ्याचे तिकीट लावून प्रयोग केले आणि पैसा उभा केला. गावातून नुकताच आलेला पोरगा कामावर लागण्याआधी टाळ धरायला शिकत असे, कारण ज्या खोलीत तो झोपे त्याच खोलीत तालीम होई. त्याला कोणी शिकवणीला घातलेले नव्हते. खोलीतले राहणे हीच त्याची शिकवणी होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि या जीवनाचा पायाच खचला. हजारो कामगार गावी परतले, खोल्यांतली माणसे घटली. त्यानंतरच्या दशकांत गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि पाठोपाठ चाळींचा पुनर्विकास आला. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींच्या जागी आता बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाला ५०० चौरस फुटांचे, स्वतःचे स्वच्छतागृह असलेले घर मिळाले, याबद्दल समाधान न वाटणारा माणूस निष्ठुरच म्हणायला हवा. चाळीतल्या जीवनाचे गोडवे गाणे ज्यांना तेथे राहावे लागले नाही त्यांना सोपे जाते. नळावरच्या रांगा आणि सार्वजनिक शौचालये ज्यांच्या वाट्याला आली त्यांनी चाळ सोडताना मागे वळून पाहिले नाही, तर त्यांना दोष देता येणार नाही.

तरीही या बदलात काहीतरी हरवले आहे, आणि ते हरवले याची कोणत्याही आराखड्यात नोंद नाही. १६० चौरस फुटांच्या खोलीत जे भजन बसत होते ते ५०० चौरस फुटांच्या घरात बसत नाही. चाळीची खोली अपुरी होती, म्हणून गॅलरी सगळ्यांची होती. नव्या घराला बंद होणारे दार आहे आणि बाहेर उद्वाहनासमोरचा चार पावलांचा बोळ आहे. ज्या खोल्या गावाच्या नावाने चालत होत्या त्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. पुनर्विकासात हक्क ठरतो तो भाडेपावतीवरच्या नावाने, आणि गाव हे काही भाडेकरूचे नाव नव्हे. अशा व्यवहारातून हाती येणारी रक्कम वाटून घेता येते. वीस जणांनी मिळून जपलेली तालमीची जागा वाटून घेता येत नाही. परळच्या दामोदर नाट्यगृहाचे उदाहरणही याच मालिकेतले आहे. १९२२ पासून गिरणगावाला जवळचे असलेले, कोकणातल्या लोककलांना हक्काचे वाटणारे हे नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा आवाज उठवणाऱ्यांत नमन आणि जाखडीचे कलावंत होते ते उगीच नव्हे. दूरचे आणि महागडे नाट्यगृह त्यांच्या आवाक्यातले नाही, हा त्यांच्या तक्रारीतला व्यवहार होता.

तालमीची जागा गेली की तिची उणीव उत्सवात दिसू लागते. चतुर्थीला गावी पोचलेला तरुण मंडळात जातो, पण त्याला ठेका येत नाही. मग तो भ्रमणध्वनीवर चित्रीकरण करीत बाजूला उभा राहतो. गाणाऱ्यांची संख्या घटली की आवाज भरून काढायला ध्वनिवर्धक येतो. ध्वनिवर्धक आला की भजन ऐकवण्याची वस्तू बनते आणि बाकीचे श्रोते बनतात. बक्षिसांच्या स्पर्धांनीही याच दिशेने हातभार लावला आहे. नामवंत बुवांची डबलबारी ठरवायची, मोठी बिदागी द्यायची, मंडप भरवायचा आणि वाडीतल्या मंडळाला त्या रात्री सुट्टी द्यायची, असे प्रकार वाढत आहेत. डबलबारी ही उत्तम कला आहे आणि तिचे बुवा मान मिळवण्यास पात्र आहेत. पण वाडीचे मंडळ मोडून डबलबारी जगणार नाही, कारण उद्याचा बुवा त्याच मंडळातून यायचा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे आणि वर्षातून फार तर पंधरा दिवस ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करण्याची मुभा राज्य शासनाला आहे. ही सवलत मिळावी म्हणून दरवर्षी केवढी तरी धावपळ होते. पडवीत बसून टाळ-मृदंगावर गाणाऱ्या मंडळाला अशी सवलत मागण्याची वेळ कधी आली नाही.

यावर असे म्हटले जाईल की, परंपरा बदलतच असते आणि जे टिकायचे नाही ते टिकत नाही. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. ज्या पेटीवाचून आज भजन सुरू होत नाही ती पेटी युरोपातून आली. चित्रपटगीतांच्या चाली भजनात केव्हाच रुळल्या. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी लोककलेचे फारसे भले केलेले नाही. परंतु बदल आणि ऱ्हास या दोन गोष्टी एक नव्हेत. सिंधुदुर्गाला लागूनच असलेल्या गोव्याचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. चवथीच्या आरत्यांना साथ करणाऱ्या घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि घुमटाचे भवितव्य काय, असा प्रश्न उभा राहिला. मातीचे भांडे तेच ठेवून कारागिरांनी बकऱ्याचे कातडे चढवले. नादात फरक पडला, जाणकारांनी कुरकुर केली. पण घुमट वाजत राहिले आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. कातडे बदलले तरी वाद्य जगले, याचे कारण घरोघर घुमट, शामेळ आणि कांसाळे घेऊन बसणारी माणसे बदलली नव्हती. ती माणसे नसती, तर अस्सल कातड्यानेही ते वाचले नसते.

म्हणून शासनाने आणि समाजाने लक्ष द्यायला हवे ते या माणसांना एकत्र बसता येईल अशा सोयीकडे. त्यासाठी फार मोठ्या योजना लागत नाहीत. मुंबई महापालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळनंतर रिकामे असतात. आठवड्यातून दोन दिवस ते नाममात्र शुल्कात नोंदणीकृत मंडळांना देता येतील. पुनर्विकसित इमारतींतील सभागृहे वाढदिवस आणि साखरपुड्यांसाठी भाड्याने दिली जातात. तेथे श्रावणातल्या तालमींना काही संध्याकाळी राखून ठेवणे ही गृहनिर्माण संस्थांना जड जाणारी गोष्ट नाही. वाद्यखरेदीचे अनुदान पुढे चालू ठेवायचे असेल, तर त्याचा काही हिस्सा शिकवणाऱ्या वृद्ध बुवाच्या, शाहिराच्या मानधनासाठी खर्च करण्याची मोकळीक मंडळांना असावी. स्पर्धा भरवणाऱ्यांनी पंधरा वर्षांखालील वादकाला आणि ध्वनिवर्धकावाचून होणाऱ्या गायनाला वेगळे गुण द्यावेत. स्त्रियांच्या फुगडीच्या आणि भजनाच्या मंडळांना या साऱ्यात बरोबरीचे स्थान हवे, कारण गावात राहून वर्षभर ही कला सांभाळणाऱ्यांत त्यांचीच संख्या आता अधिक दिसते.

यापैकी काहीच झाले नाही तरी गणेशोत्सव थांबणार नाही. मंडप अधिक उंच होतील, रोषणाई अधिक झगझगीत होईल, राज्य महोत्सवाचे फलक लागतील. चतुर्थीच्या रात्री वाडीतल्या शेवटच्या घरी मंडळ पोचले की नाही, हे मात्र त्या रोषणाईत कोणाला दिसणार नाही. वाद्य भिंतीवर संग्रहालयातही टांगले जाते आणि चाळीतल्या खोलीतही टांगले जात असे. खोलीतल्या खुंटीवरचा मृदंग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोणीतरी हमखास खाली काढीत असे. शासनाने मृदंगाची सोय केली आहे. त्या खुंटीची आणि त्या संध्याकाळीची सोय समाजाला करावी लागेल.