डेकलची कड आणि क्लिअरची जाडी

स्पर्धांच्या टेबलांवर आणि आमच्याकडे येणाऱ्या छायाचित्रांत मॉडेल कार आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त चकाकतात. डेकलची कड नखाला लागत नाही. हे कौशल्य आहेच. पण त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या दरवाजांच्या फटी बुजलेल्या असतात, जाळ्यांचे कोपरे गोल झालेले असतात आणि अख्खी गाडी पाकातून काढल्यासारखी दिसते. कड झाकण्यासाठी क्लिअरचे थर वाढवत नेण्याची ही सवय आपण सोडायला हवी, असं आमचं ठाम मत आहे.

खऱ्या मोटारीवर क्लिअरचा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. 1:20 प्रमाणात तो दोन-अडीच मायक्रॉन व्हायला हवा. इतका पातळ थर देणं कोणालाच जमणारं नाही. नुसतं डेकलच त्याहून जाड असतं. म्हणजे पहिल्याच हाताला आपण प्रमाण ओलांडतो. म्हणून पुढचा प्रत्येक हात कशासाठी, हे स्वतःला विचारूनच मारावा.

मारिओ आन्द्रेत्ती 1978 साली जगज्जेता झाला, त्या मोसमातली काळी-सोनेरी लोटस 79 घ्या. या कामाची इतकी कठोर परीक्षा दुसरी गाडी क्वचितच घेते. काळ्या तकतकीत बॉडीवर उजेडाची रेघ सरळ धावते आणि डेकलची कड आली की मोडते. त्यात अनेक किटांमधून सिगारेट कंपनीचं नाव वगळलेलं असल्यामुळे वेगळी डेकल घ्यावी लागतात. आल्प्स प्रिंटरवर छापलेल्या शीटचा सोनेरी रंग नाजूक असतो, नखानेही निघतो, आणि पारदर्शक फिल्म पूर्ण शीटभर पसरलेली असते. ती अक्षराला किंवा रेघेला खेटून नव्या पात्याने कापा. कडेची फिल्म जितकी कमी, तितकी नंतर सपाट करायची पायरी कमी. आमच्या मते निम्मं काम इथेच होतं, आणि नेमक्या याच कामाला सर्वांत कमी वेळ दिला जातो.

डेकल बसल्यावर भोवती उरलेला डिंक आणि सॉफ्टरचे डाग कोमट पाण्याच्या ओल्या कपड्याने पुसून घ्या. ते राहिले तर क्लिअरखाली कायमचे दिसतात. खाली अडकलेली हवाही आत्ताच सुईने टोचून, सॉफ्टर लावून काढायची. नंतर उपाय नाही. मग किमान दोन दिवस थांबा, पावसाळ्यात त्याहून जास्त.

तामियाचा टीएस-13 किंवा तत्सम लॅकर क्लिअर पहिल्याच हाताला ओला बसला तर त्यातला सॉल्व्हंट डेकलची शाई विरघळवतो, फिल्म सुरकुतते किंवा तडकते. सुरुवातीचे दोन-तीन हात लांबून, धुक्यासारखे, जवळजवळ कोरडे पडू द्या. पृष्ठभाग खरखरीत दिसला तरी घाबरू नका. त्यानंतरच एक-दोन ओले हात. शीटवर किटचा क्रमांक छापलेला असतो. तो तुकडा त्याच रंगाच्या प्लास्टिकच्या चमच्यावर लावून आधी क्लिअर मारून बघा. एवढी चाचणी टाळायला काहीच कारण नाही.

आता आठवडाभर गाडीला हात लावू नका. लॅकरमधला सॉल्व्हंट सावकाश बाहेर पडतो आणि थर आक्रसत जातो. घाईने पॉलिश केलेल्या गाडीवर महिन्याभराने डेकलची कड पुन्हा उमटते, ती यामुळेच. वाळल्यावर 2000 किंवा 3000 नंबरचा वॉटर पेपर, पाण्यात साबणाचा थेंब, आणि फक्त कडेची पायरी घासायची. पूर्ण बॉडी घासत सुटू नका. उंचवटे आणि चाकांवरच्या कमानी यांच्या धारेवर क्लिअर मुळातच पातळ बसतो. तिथे दोन फेऱ्यांत सोनेरी रेघ निघून येते. पायरी गेली की लेव्हलिंग थिनरने पातळ केलेला एकच शेवटचा हात द्यायचा. तो नीट पसरला तर कंपाउंडचं काम अगदी थोडं उरतं.

मुंबई-कोकणातल्या वाचकांची जुलै-ऑगस्टमधली तक्रार ठरलेली: क्लिअर पांढरट पडतो. सॉल्व्हंट झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. एअरब्रश असेल तर रिटार्डर घाला, खोली एसीच्या ड्राय मोडवर आधी कोरडी करून घ्या. स्प्रे कॅनवाल्यांनी उघाडीची वाट पाहावी. पांढरा पडलेला थर घासू नका. कोरड्या दिवशी त्यावर हलका हात दिला की बहुधा तो पुन्हा पारदर्शक होतो.

टू-के युरेथेनबद्दल आम्हाला पत्रं येत असतात. एका-दोन हातांत मिळणारी त्याची चकाकी खरोखर देखणी असते. पण हार्डनरमधलं आयसोसायनेट श्वासाबरोबर गेलं तर कायमचा दमा जडू शकतो. कापडी मास्क किंवा एन-95 त्याची वाफ अडवत नाही. योग्य रेस्पिरेटर आणि हवा बाहेर फेकणारा बूथ नसेल, घरात लहान मुलं त्याच हवेत वावरत असतील, तर ते वापरू नका. लॅकरने तेवढंच सुंदर काम होतं, वेळ जास्त लागतो इतकंच.

यापुढे छायाचित्रं पाठवताना एक फोटो बाजूने उजेड टाकून, दरवाजाची फट आणि डेकलची कड एकाच चौकटीत येईल असा काढा, आणि क्लिअरचे किती हात दिले तेही लिहा. गाड्या निवडताना आम्ही आधी तो फोटो पाहणार आहोत.