कोकणी नाच, लंडनच्या कपाटात

तबकड्या परत आल्यात म्हणे. गंगापूर रोडच्या कॅफेंत त्या भिंतीला टांगलेल्या असतात. हवी ती वाजवायला घ्यायची तर आम्ही नाशिककर अजून ‘पंचवटी’ पकडून मुंबईच गाठतो. त्या खटाटोपाचं चीज करणारी एक तबकडी म्हणजे अमान्सियो डिसिल्व्हांची ‘कोंकण डान्स’. १९३६ साली मुंबईत जन्मलेला हा गोवेकर गिटारवाला लंडनला गेला आणि १९६९ मध्ये जमैकाच्या जो हॅरियटबरोबर त्याने ‘हम दोनो’ ही तबकडी केली. ‘कोंकण डान्स’ त्यानंतरची. ध्वनिमुद्रण झालं आणि ते पडूनच राहिलं. १९९६ मध्ये डिसिल्व्हा गेले, दहा वर्षांनी ती सीडीवर आली, मग व्हिनाइलवर. जॅझला सतार चिकटवली की झालं फ्यूजन, असा ‘कोंकण डान्स’ घडली तेव्हाचा जमाना. डिसिल्व्हांची गिटार मात्र सतारीची नक्कल करत नाही. स्वर लांबवत, घोळवत स्वतःच्याच चालीने जाते. जोडीला त्यांची १९७२ ची ‘ड्रीम सिक्वेन्स’ही शोधा. तिच्यात तबल्यावर आपले केशव साठे आहेत, आणि वादकांच्या यादीतलं ते नाव फार थोड्यांनी वाचलंय.