व्यसनमुक्ती आणि ख्रिस्ती संस्था

दारूच्या वा मादक द्रव्यांच्या आहारी गेलेल्या मुलाला ख्रिस्ती संस्थेच्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवावे की ठेवू नये, हा प्रश्न गोमंतकातील अनेक हिंदू घरांतून दबक्या आवाजात विचारला जातो. दबक्या आवाजात अशासाठी की, त्यात दोन भयांची सरमिसळ झालेली असते. घरातला मुलगा वाया गेला हे चारचौघांत उघडे पडेल, हे एक. आणि तो शुद्धीवर आला तरी आपला राहील की नाही, हे दुसरे. या दुसऱ्या भयाला धर्मवेडेपणा म्हणून उडवून लावणे आम्हांला योग्य वाटत नाही. ज्या भूमीत १५६० साली आलेले इन्क्विझिशन, मधला अल्पसा खंड वगळता, १८१२ पर्यंत नांदले आणि जेथील देव भक्तांना रातोरात नदीपलीकडे हलवावे लागले, तेथील माणूस पाद्र्याच्या परोपकाराकडे दोनदा निरखून पाहतो यात नवल ते काय? मात्र निरखून पाहायचे तर नीट पाहावे. आपल्याकडे पाहण्यापूर्वीच मत बनते, मग ते भाबड्या कौतुकाचे असो वा आंधळ्या संशयाचे.

या क्षेत्रातील सर्वांत गाजलेल्या ख्रिस्ती संस्थेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. पेनसिल्व्हेनियातील एका लहान गावचे तरुण धर्मोपदेशक डेव्हिड विल्करसन यांनी १९५८ साली एका सचित्र साप्ताहिकात न्यूयॉर्कमधील खुनाच्या खटल्यात उभ्या असलेल्या किशोरवयीन मुलांची चित्रे पाहिली आणि ते त्या शहरात जाऊन टोळीबाज, हेरॉइनच्या नादी लागलेल्या पोरांत काम करू लागले. त्यातून 'टीन चॅलेंज' ही संस्था उभी राहिली आणि तिच्या शाखा अनेक देशांत पसरल्या. तिची रीत आडपडद्याची नाही. वर्ष-दीड वर्ष केंद्रात राहायचे, श्रम करायचे, बायबलचा अभ्यास आणि प्रार्थना करायची. व्यसन हे मुळात पाप आहे आणि ख्रिस्ताला शरण जाणे हाच त्यावरचा उपाय, अशी तिची धारणा आहे. पर्यायी औषधांच्या उपचाराला तेथे सहसा थारा नसतो.

या संस्थेच्या यशाचा एक आकडा जगभर सांगितला जातो : शेकडा ८६ जण व्यसनमुक्त झाले. या आकड्याचा उगम अमेरिकन सरकारच्या साहाय्याने झालेल्या १९७५ च्या एका पाहणीत आहे. १९६८ साली प्रवेश घेतलेल्यांचा शोध सात वर्षांनी घेण्यात आला होता. आता ८६ टक्के कोणाचे, हे पाहू. प्रवेश घेतलेल्या सर्वांचे नव्हेत. संपूर्ण कार्यक्रम पार पाडलेल्यांचे. तेही त्यांनी स्वतः सांगितलेल्या जबानीवरून. लघवीच्या तपासणीत निर्व्यसनी आढळले ते शेकडा ६७. आणि आत शिरलेल्यांपैकी बहुसंख्य तरुण कार्यक्रम पुरा न करताच बाहेर पडले होते. शाळेत शंभर मुले यावीत, ऐंशीच्या आसपास शाळा सोडून जावीत, उरलेल्यांपैकी बहुतेक उत्तीर्ण व्हावीत आणि मुख्याध्यापकांनी उत्तीर्णांचे प्रमाण दारावर रंगवून लावावे, अशातलाच हा प्रकार. जे टिकले ते सुधारले, हे खरेच आहे, आणि त्या प्रत्येकाच्या घरी दिवा लागला असेल हे आम्ही मनापासून मान्य करतो. परंतु जे टिकले ते मुळातच निश्चयी होते की संस्थेने त्यांना निश्चयी केले, हे या आकड्यावरून कळत नाही.

आणि गळालेल्यांचे काय? हा प्रश्न हिशेबापुरता नाही. हेरॉइनसारख्या द्रव्यापासून काही महिने दूर राहिलेल्या माणसाच्या शरीराची ते पचवण्याची सवय मोडलेली असते. अशा अवस्थेत तो केंद्रातून पळाला आणि पूर्वीइतकीच मात्रा घेऊन बसला, तर तीच त्याला मारते. दारूचे संकट नेमके उलट्या टोकाला, म्हणजे आरंभीच असते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद केली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झटके येतात, भ्रम होतो आणि वैद्यकीय मदत जवळ नसेल तर प्राणही जातो. हे ज्याला ठाऊक नाही त्याने, हाती बायबल असो वा गीता, असले केंद्र चालवू नये. प्रार्थनेने मन सावरते; झटके थांबवायला औषध लागते.

टेक्सास राज्यात १९९५ साली हाच वाद पेटला होता. सॅन अँटोनिओ येथील या संस्थेच्या केंद्राकडे परवाना नाही आणि तेथील शिक्षक प्रशिक्षित नाहीत म्हणून राज्याच्या खात्याने ते बंद करण्याचा पवित्रा घेतला. भाविक रस्त्यावर उतरले, गव्हर्नर जॉर्ज बुश संस्थेच्या बाजूने उभे राहिले आणि १९९७ मध्ये धर्मनिष्ठ व्यसनमुक्ती केंद्रांना परवान्यातून सूट देणारा कायदाच झाला. पुढे बुश अध्यक्ष झाल्यावर अशा संस्थांना सरकारी पैसा देण्याचा विषय निघाला, तेव्हा २००१ मध्ये संस्थेच्या प्रमुखांनी अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष देताना आपल्याकडे येणारे काही ज्यू 'पूर्ण ज्यू' होऊन बाहेर पडतात, असे सांगून टाकले. पूर्ण म्हणजे ख्रिस्ताला मानणारे! ज्यू समाजाला याचा संताप आला तो साहजिकच होता. स्वतःच्या पैशाने कोणी काय शिकवावे हा त्याचा प्रश्न. करदात्याच्या पैशाने धर्मांतर घडवणे हा सर्वांचा प्रश्न होतो.

हा एक नमुना झाला. सर्वच ख्रिस्ती संस्था याच साच्यातल्या, असे समजणे मात्र अन्यायाचे होईल. मुंबईत वांद्रे येथे १९८१ साली फादर ज्यो परेरा यांनी सुरू केलेली 'कृपा फाउंडेशन' ही संस्था आपल्याला अधिक जवळची आहे; गोव्यातही तिचे काम आहे. फादर परेरा एके काळी स्वतः दारूच्या विळख्यात सापडले होते आणि त्यातून बाहेर आले. ते बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यांच्या उपचारपद्धतीत योगासने आणि प्राणायाम यांना 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'च्या बारा पायऱ्यांइतकेच महत्त्व आहे. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कॅथलिक धर्मगुरू पुण्याच्या योगाचार्यांकडून घेतलेली विद्या व्यसनी तरुणांना शिकवतो, संस्थेला संस्कृत नाव देतो. मग येथे कोणी कोणाला बाटवले म्हणायचे? गंमत अशी की, योग हा हिंदू धर्माच्या प्रसाराचा चोरमार्ग आहे अशी तक्रार ख्रिस्ती जगातील काही मंडळी करीतच असतात. आपल्या संशयाचे हे प्रतिबिंब पाहून थोडे हसू आले तर हरकत नाही.

बारा पायऱ्यांविषयीही एक खुलासा येथे करावासा वाटतो. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या चळवळीचे मूळ ख्रिस्ती भक्तिमंडळांत आहे, हे खरे. परंतु आपल्याहून मोठ्या अशा शक्तीला शरण जाताना ती शक्ती कोणती मानावी हे तिने ज्याच्या त्याच्यावर सोडले आहे. शरणागती हा शब्द वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला नवा नाही. तो मंगेशाचे नाव घेऊन या पायऱ्या चढू शकतो, आणि नास्तिकही चढतात.

तेव्हा पालकांनी कोणतेही केंद्र निवडताना दारावरील चिन्हापेक्षा आतल्या व्यवहाराची चौकशी करावी. डॉक्टर केव्हा येतो, रात्री झटका आला तर कोण धावते, मुलाला घरच्यांशी बोलू देतात काय, प्रार्थनेला न बसण्याची मुभा आहे काय, आणि गेल्या वर्षी आलेल्यांपैकी मध्येच सोडून गेले किती? या शेवटच्या प्रश्नावर जो संचालक न चिडता उत्तर देतो, त्याच्यावर विश्वास टाकायला हरकत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू व मादक द्रव्यांच्या दुरुपयोगाशी निगडित मनोवस्थांचा समावेश आहे. त्यानुसार अशा केंद्रांची नोंदणी व्हावी लागते आणि रुग्णाला काही हक्क मिळतात. देशात ठिकठिकाणच्या खासगी केंद्रांतून मारहाणीच्या, प्रसंगी मृत्यूच्याही बातम्या येत असतात. त्या केंद्रांपैकी कित्येकांच्या भिंतींवर कोणत्याही धर्माचे चिन्ह नसते. आरोग्य खात्याने गोव्यातील नोंदलेल्या केंद्रांची यादी आणि त्यांच्या तपासणीचे अहवाल लोकांसमोर ठेवावेत, ही मागणी त्यामुळेच आम्ही करीत आहोत.

प्रामाणिक मोजमाप कसे असते याचा धडा खुद्द गोव्यातच मिळालेला आहे. 'संगत' या येथील संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, दारूचे प्रमाण घातक ठरलेल्या ३७७ पुरुषांवर प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी थोड्याच भेटींत त्यांना सल्ला दिला. तीन महिन्यांनी त्यांतले शेकडा ३६ जण सावरलेले आढळले. ज्यांना हा सल्ला मिळाला नव्हता त्यांच्यात हेच प्रमाण शेकडा २६ होते. २०१७ साली 'लॅन्सेट'ने हे निष्कर्ष छापले. शेकडा ८६ च्या डिंडिमापुढे हा आकडा किरकोळ वाटेल, परंतु तो तुलना करून काढलेला असल्याने खरा आहे.

आता आपल्या घराकडे वळू. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या विळख्यात सापडलेल्या अडतिसांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळतो, आणि दारू पिणाऱ्यांचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या राज्यांत गोव्याची गणना आहे. सरकार दारूवरचा कर गोळा करते आणि तिने मोडलेल्या माणसांना कुटुंबाच्या गळ्यात टाकते. या पोकळीत ख्रिस्ती धर्मगुरू आला म्हणून आम्ही कपाळाला आठ्या घालायच्या, तर आमचे लोक कोठे होते, हेही विचारले गेले पाहिजे. मराठी समाजाला हे काम जमत नाही असे नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या देणगीच्या बळावर १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' उभारले आणि ते टिकले. आपल्या देवस्थानांपाशी मात्र पैसा आहे, महाजन आहेत, जागा आहे. पालख्या आणि नाटके थाटात होतात, पण व्यसनी तरुणासाठी काही करावे हे फारसे कोणाला सुचलेले दिसत नाही.

देवस्थानांनी लगेच रुग्णालये काढावीत, असे आमचे म्हणणे नाही. केंद्रातून बाहेर पडल्यावर माणसाला दर आठवड्याला बसायला, आपल्यासारख्याच इतरांशी बोलायला एक खोली लागते. मुंबईत आणि अन्यत्र अशा अनेक सभा चर्चच्या वा मिशन शाळांच्या खोल्यांत भरतात, कारण तेथे त्यांना दार उघडून मिळते. फोंडा महालातील आपल्या देवळांच्या अग्रशाळांतील किती खोल्या आठवड्याचे बहुतेक दिवस कुलूपबंद असतात, हे महाजनांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. त्यांपैकी एकेक खोली, एका संध्याकाळपुरती, नाव न विचारता आणि भाडे न घेता द्यायची, असा ठराव येत्या वार्षिक सभेत मांडायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.